रेप्लिकेशन जॉबची वेळमर्यादा वाढवताना: आधी काय, नंतर काय

सकाळी ऑफिसात पोचल्यावर मेल दिसतो: रात्रीचा रेप्लिकेशन जॉब (एका सर्व्हरवरच्या डेटाची प्रत दुसऱ्या सर्व्हरवर पाठवणारे काम) वेळमर्यादा ओलांडल्यामुळे थांबवला. मग बहुतेक जण सेटिंग उघडतात, ८ तासांच्या जागी २४ घालतात आणि चहाला जातात. काही दिवस मेल येत नाही. पुढे एक दिवस कळते की कालचा जॉब अजून चालूच आहे, आजचाही त्याच्या डोक्यावर सुरू झाला आहे आणि दोघे मिळून एकाच फोल्डरमध्ये लिहीत आहेत.

भोसरी-चाकण पट्ट्यातल्या लहान-मध्यम कारखान्यांचे सर्व्हर मी सांभाळतो. हा घोळ मी इतक्या वेळा निस्तरला आहे की आता कामाचा क्रम ठरूनच गेला आहे. आकडा बदलणे हे त्यातले जवळजवळ शेवटचे पाऊल, आणि लोक नेमके तेच पहिले उचलतात. खालचे टप्पे लिनक्सवरचे आरसिंक (फाइली कॉपी करणारे साधन) व झेडएफएस (स्वतःच प्रती पाठवू शकणारी फाइलसिस्टम) आणि विंडोजवरचे फाइली कॉपी करणारे साधन रोबोकॉपी यांना धरून लिहिले आहेत. तुमचे सॉफ्टवेअर वेगळे असेल तर मेनूंची नावे बदलतील, क्रम तोच ठेवा.

## टप्पा १: जॉब कोणी मारला ते आधी शोधा

"टाइमआउट झाला" एवढ्यावर विश्वास ठेवू नका. एका जॉबवर चार-पाच वेगवेगळ्या मर्यादा लागू असतात आणि प्रत्येकीचा मालक वेगळा असतो: शेड्यूलर (ठरल्या वेळी जॉब सुरू करणारा प्रोग्रॅम), स्क्रिप्ट, आरसिंक, एसएसएच (दोन सर्व्हरमधले सुरक्षित कनेक्शन), मधला फायरवॉल. चुकीची मर्यादा वाढवलीत तर उद्याही जॉब त्याच मिनिटाला मरेल.

लॉगमधून सुरुवातीची आणि शेवटची वेळ काढा, वजाबाकी करा. बरोबर ८ तास ० मिनिटे, बरोबर ७२ तास, असा गोल आकडा आला तर एकूण वेळेची मर्यादा लागली. कधी ४७ मिनिटे, कधी ३ तास १२ मिनिटे, असे वेडेवाकडे आकडे येत असतील तर लाइन तुटते आहे किंवा शांत बसलेले कनेक्शन कोणीतरी कापते आहे. तिथे एकूण मर्यादा वाढवून काहीच साधणार नाही.

नंतर एक्झिट कोड (प्रक्रिया संपताना मागे ठेवते तो आकडा) पाहा:

- १२४: स्क्रिप्टमधल्या 'टाइमआउट' कमांडने मुदत संपली म्हणून थांबवले.
- १४३: प्रक्रियेला थांबण्याचा नेहमीचा सिग्नल मिळाला.
- १३७: प्रक्रिया सक्तीने मारली गेली. मेमरी संपल्यावर कर्नलने (ऑपरेटिंग सिस्टमच्या गाभ्याने) मारले तरी हाच कोड येतो, म्हणून कर्नलचा लॉग वाचल्याशिवाय वेळेला दोष देऊ नका.
- आरसिंकचा ३०: डेटाच्या देवाणघेवाणीत टाइमआउट.
- आरसिंकचा ३५: डीमनशी (पलीकडे सतत चालू असलेल्या आरसिंक सेवेशी) कनेक्शन जुळण्याची वाट पाहतानाच टाइमआउट.
- आरसिंकचा १२: प्रोटोकॉलच्या प्रवाहात बिघाड. बहुधा पलीकडची प्रक्रिया किंवा कनेक्शन गेलेले असते.
- विंडोजच्या टास्क शेड्यूलरमध्ये ०एक्स४१३०६: टास्क मध्येच थांबवला गेला.

रोबोकॉपीचे कोड वेगळ्या पद्धतीचे असतात. ८ पेक्षा लहान कोड म्हणजे अपयश नाही. १ चा अर्थ फाइली नीट कॉपी झाल्या. हा १ पाहून यशस्वी जॉबला अयशस्वी समजणारे आणि रोज नवा प्रयत्न करायला लावणारे शेड्यूल मी स्वतः पाहिले आहे.

तपासा: लॉग कोणत्या वेळेत लिहिला जातो? क्लाउडवरचे बरेच सर्व्हर यूटीसी (जागतिक प्रमाणवेळ) धरतात आणि आपण साडेपाच तास पुढे आहोत. लॉगमधले रात्रीचे २२:०० म्हणजे पुण्यातले पहाटेचे ३:३०. हे ध्यानात न घेता "रात्री दहाला काय झाले" म्हणून शोधत बसलात तर अख्खी सकाळ जाते.

## टप्पा २: जॉबला खरोखर किती वेळ लागतो ते मोजा

इथे कागद-पेन घ्या. १०० एमबीपीएसची लाइन म्हणजे कागदावर सेकंदाला १२.५ एमबी, तासाला ४५ जीबी. २ टीबी डेटा त्यावरून जायला सुमारे ४४ तास लागतात. लाइन ८० टक्केच मिळाली, आणि एवढी मिळाली तरी चांगले, तर साडेपंचावन्न तास. पहिल्या पूर्ण कॉपीसाठी ८ चे २४ तास करणाऱ्याने हा हिशेब केलेला नसतो.

पहिली पूर्ण कॉपी आणि रोजचा फरक ही दोन वेगळी कामे आहेत, त्यांच्या मर्यादाही वेगळ्या हव्यात. पहिली कॉपी शक्य असेल तर लाइनवरून पाठवूच नका. एन्क्रिप्ट केलेली डिस्क गाडीत घालून पुण्याहून मुंबईला नेली तर अर्ध्या दिवसाचे काम होते. तिथे डेटा उतरवा, मग रोजचा फरक लाइनवरून जाऊ द्या. मला ही पद्धत अजूनही सगळ्यात भरवशाची वाटते.

रोजच्या फरकासाठी मागच्या निदान ३० फेऱ्यांचे लॉग काढा आणि त्यात महिनाअखेर येईल असे बघा. सरासरी काढू नका. सर्वांत लांबलेली फेरी घ्या आणि तिच्या दीडपट मर्यादा धरा. सर्वांत लांब फेरी साडेनऊ तासांची असेल तर मर्यादा साधारण १४ तास. मार्चअखेरीला लेखा विभागाच्या फाइली फुगतात, त्यामुळे ३१ मार्चच्या आसपासचा लॉग सापडला तर तो आवर्जून बघा. आरसिंकला 'स्टॅट्स' पर्याय दिलात की एकूण फाइली आणि प्रत्यक्ष गेलेला डेटा लॉगमध्ये उतरतो. फाइली लाखांनी आणि डेटा थोडा, असे असेल तर वेळ लाइनवर न जाता यादी करण्यात जातो आहे. तिथे लाइन वाढवून उपयोग नाही.

सावधान: रोजच्या जॉबला दीडपटीचा हिशेब २४ तासांच्या वर जात असेल तर इथेच थांबा. मर्यादा वाढवणे हा यावरचा उपाय होऊ शकत नाही. जॉबचे दोन-तीन भाग करा, न लागणारे फोल्डर वगळा किंवा लाइन वाढवा. हिशेबाची पुस्तके संगणकावर ठेवणाऱ्या कंपन्यांना त्यांचा बॅकअप भारतातल्या सर्व्हरवर ठेवावा लागतो, आणि २०२२ च्या दुरुस्तीनंतर तो रोजच्या रोज लागतो. ३० तास चालणारी प्रत ही रोजची प्रत होत नाही, हे मालकांना याच टप्प्यावर स्पष्ट सांगा.

## टप्पा ३: तुटला तर तिथूनच पुढे चालेल असे करा

मर्यादा कितीही वाढवा, लांब जॉब कधी ना कधी मध्ये तुटणारच. पावसाळ्याआधी रस्ते खोदले जातात तेव्हा फायबर तुटते, हे पुण्यात कोणाला नव्याने सांगायला नको. १३ व्या तासाला तुटलेला जॉब पुन्हा शून्यापासून सुरू होत असेल तर १४ तासांची मर्यादा व्यर्थ आहे.

आरसिंकमध्ये आधीच पूर्ण गेलेल्या फाइली दुसऱ्या फेरीत वगळल्या जातात, पण अर्धवट राहिलेली मोठी फाइल टाकून दिली जाते. तिच्यासाठी 'पार्शल-डिर' पर्याय द्या. अर्धी फाइल वेगळ्या फोल्डरमध्ये राहते आणि पुढची फेरी तिचा उपयोग करते. २०० जीबीची व्हर्च्युअल डिस्क पाठवणाऱ्याला या एका पर्यायाने कित्येक रात्री वाचतात.

झेडएफएसमध्ये घेणाऱ्या बाजूला रिसीव्ह कमांडला 'एस' पर्याय लावा. तुटल्यावर तिथे रिझ्यूम टोकन राहते. ते पाठवणाऱ्या बाजूला सेंडच्या 'टी' पर्यायाला दिले की उरलेलाच भाग जातो. हा 'एस' पहिल्या फेरीपासून लावलेला नसेल तर तुटल्यावर मागून काही करता येत नाही.

रोबोकॉपीला 'झेड' पर्याय द्या आणि पुनर्प्रयत्नांचे दोन आकडे स्वतः लिहा. ते लिहिले नाहीत तर तो एका फाइलसाठी १० लाख प्रयत्न करतो आणि दर दोन प्रयत्नांमध्ये ३० सेकंद थांबतो. गुणाकार करा: कोणीतरी उघडी ठेवलेली एक एक्सेल फाइल जॉबला जवळजवळ ३४७ दिवस अडवू शकते. 'आमचा जॉब फार लांबतो, मर्यादा वाढवून द्या' म्हणून आलेल्या तक्रारीत असा लटकलेला रोबोकॉपी निघतो, तेव्हा मर्यादेला हात लावायचीच गरज नसते. ३ प्रयत्न आणि १० सेकंद पुरेसे आहेत.

सावधान: वेळ वाचतो म्हणून आरसिंकचा 'इनप्लेस' पर्याय बरेच जण लावतात. त्यात पलीकडची जुनी फाइल जागच्या जागी बदलली जाते. जॉब मध्येच मेला तर ती फाइल ना कालची राहते ना आजची. पलीकडे स्नॅपशॉट (डेटाची त्या क्षणाची गोठवलेली प्रत) घेत नसाल तर हा पर्याय लावू नका.

## टप्पा ४: मर्यादा वाढवण्याआधी कुलूप लावा

हा टप्पा लोक सर्वांत जास्त वगळतात, आणि सर्वांत मोठे नुकसान इथेच होते.

क्रॉनला (लिनक्सच्या शेड्यूलरला) मागचा जॉब संपला की नाही याच्याशी काही देणेघेणे नसते. वेळ झाली की तो नवा जॉब सोडतो. ८ तासांची मर्यादा होती तेव्हा ती नकळत कुलपाचेही काम करत होती. ती २४ केलीत की ते संरक्षण गेले. म्हणून क्रॉनमधली कमांड 'एफलॉक'मधून (एका वेळी एकच जॉब चालू देणाऱ्या कुलपातून) चालवा आणि त्याला 'एन' पर्याय द्या, म्हणजे कुलूप मिळाले नाही तर तो रांगेत न थांबता लगेच परत फिरेल. कुलपाची फाइल स्थानिक डिस्कवर ठेवा, नेटवर्क शेअरवर नको. प्रोसेस क्रमांक फाइलमध्ये लिहिण्याची घरगुती युक्ती टाळा. सर्व्हर अचानक बंद पडला की ती फाइल मागे राहते आणि पुढचे सगळे जॉब मुकाट्याने परत जातात. एफलॉकचे कुलूप प्रक्रिया संपताच कर्नल स्वतः सोडतो.

क्रॉनऐवजी सिस्टमडीचा (लिनक्सवरच्या सेवा चालवणाऱ्या यंत्रणेचा) टायमर वापरत असाल तर सर्व्हिस चालू असताना टायमर दुसरी सोडत नाही. टास्क शेड्यूलरमध्ये 'टास्क आधीच चालू असेल तर' या ओळीत नवा सुरू करू नये हाच पर्याय निवडलेला आहे ना, ते डोळ्यांनी पाहा.

जुन्या प्रती छाटणाऱ्या जॉबलाही तेच कुलूप लावा. एका ठिकाणी पहाटे ४ वाजता जुने स्नॅपशॉट छाटले जायचे. रेप्लिकेशन ३ पर्यंत संपायचे तोवर सगळे ठीक होते. मर्यादा वाढवल्यावर ते ६ पर्यंत जाऊ लागले आणि छाटणीने नेमका तोच स्नॅपशॉट काढला ज्याच्या आधारावर पुढचा फरक पाठवायचा होता. पलीकडे जुळणारा स्नॅपशॉट उरला नाही आणि सगळी प्रत पहिल्यापासून पाठवावी लागली. झेडएफएसमध्ये अशा स्नॅपशॉटवर 'होल्ड' लावता येतो. पाठवून झाल्यावर काढायचा.

तपासा: एलव्हीएमचा (लिनक्सवर डिस्कची जागा वाटणाऱ्या यंत्रणेचा) साधा स्नॅपशॉट घेऊन त्यावरून प्रत पाठवत असाल तर त्याची राखीव जागा किती आहे? २० जीबी राखीव असेल आणि तासाला २ जीबी बदल होत असतील तर दहाव्या तासाला जागा भरते आणि स्नॅपशॉट निकामी होतो. १४ तासांची मर्यादा देण्याआधी ही जागा वाढवा.

## टप्पा ५: मर्यादा आतून बाहेर वाढवा

आता आकडे. आतली, म्हणजे कनेक्शनजवळची मर्यादा आधी, शेड्यूलरची सर्वांत शेवटी. "हालचाल नसेल तर थांब" आणि "एकूण इतका वेळ झाला तर थांब" या दोन मर्यादा पूर्णपणे वेगळ्या आहेत, हे मनात पक्के ठेवा. लांबलेल्या पण चालत्या जॉबसाठी दुसरी वाढवायची असते. पहिली मिनिटांतच ठेवायची, म्हणजे खरोखर लटकलेला जॉब १४ तास अडकून पडत नाही.

कनेक्शन. लाखो फाइलींची यादी चालू असताना लाइनवर बराच वेळ काहीच जात नाही आणि मधली उपकरणे शांत कनेक्शन कापतात. ॲमेझॉन क्लाउडचा नॅट गेटवे (आतल्या सर्व्हरना इंटरनेटवर जाऊ देणारा दुवा) ३५० सेकंदांनी कापतो. लिनक्सची स्वतःची टीसीपी किपअलाइव्ह (कनेक्शन जिवंत आहे का ते विचारणारी सोय) मात्र ७२०० सेकंदांनी, म्हणजे दोन तासांनी जागी होते. तोवर खेळ संपलेला असतो. एसएसएचच्या सेटिंगमध्ये 'सर्व्हर अलाइव्ह इंटरव्हल' ६० करा. मुळात तो ० असतो, म्हणजे बंद. 'काउंट मॅक्स' (उत्तर न आलेले किती संदेश सोसायचे तो आकडा) मुळात ३ असतो. लाइन डळमळीत असेल तर ५ ठेवा.

आरसिंक. त्याचा 'टाइमआउट' सेकंदांत असतो आणि मुळात ०, म्हणजे कितीही वेळ वाट पाहणारा. मी १८०० ठेवतो. आरसिंक डीमनशी बोलत असाल तर पलीकडच्या डीमनच्या सेटिंगमधला टाइमआउट तुमच्या आकड्यावर मात करतो. आपल्या बाजूला बदल करूनही फरक पडत नसेल तर पलीकडची फाइल उघडा.

परवाने आणि टोकन. वेळ वाढवली पण ओळखपत्राची मुदत संपली, हा प्रकार ओळखायला सर्वांत अवघड, कारण लॉगमध्ये टाइमआउट न दिसता परवानगी नाकारल्याचा संदेश दिसतो. ॲमेझॉनवर रोल (ठरावीक परवानग्यांची ओळख) घेऊन मिळणारे तात्पुरते टोकन मुळात १ तासाचे असते. रोलच्या सेटिंगमधून ते १२ तासांपर्यंत वाढवता येते. एका रोलमधून दुसरा रोल घेतलात तर मात्र १ तासाच्या वर जाता येत नाही. टोकन स्क्रिप्टमध्ये चिकटवू नका. साधनाला स्वतः नवे घेऊ द्या. विंडोज डोमेनमध्ये केर्बेरॉसचे (ओळख पडताळणाऱ्या यंत्रणेचे) तिकीट नेहमीच्या सेटिंगने १० तासांचे असते. जॉब बरोबर दहाव्या तासानंतर मरत असेल तर आधी इकडे बघा.

एकूण वेळ. सिस्टमडीमध्ये बॅकअपची सर्व्हिस बहुधा 'वनशॉट' (एकदा चालून संपणाऱ्या) प्रकारची असते. तिथे 'रनटाइम मॅक्स सेक' लिहून काहीही होत नाही, कारण वनशॉटला ती ओळ लागूच पडत नाही. वनशॉटसाठी 'टाइमआउट स्टार्ट सेक' लिहायचे. बदल मूळ फाइलमध्ये करू नका, 'सिस्टमसीटीएल एडिट'ने वेगळी ओव्हरराइड फाइल करा. नाहीतर पुढच्या अपडेटमध्ये बदल पुसला जाऊ शकतो. स्क्रिप्टच्या आत जुनी 'टाइमआउट' कमांड दडलेली असते, तीही शोधा. विंडोजवर 'टास्क इतक्या वेळापेक्षा जास्त चालल्यास थांबवा' ही खूण मुळात ३ दिवसांवर असते. पहिली पूर्ण कॉपी ७२ तासांवर मरते ती यामुळे.

आरसिंक ३.२.३ किंवा नंतरचा असेल तर त्याला 'स्टॉप-आफ्टर' हा मिनिटांतला पर्याय मिळतो. बाहेरची मर्यादा १४ तास ठेवली तर इथे ८१० मिनिटे, म्हणजे साडेतेरा तास द्या. जॉब स्वतःहून थांबेल, बाहेरून मारावा लागणार नाही.

सावधान: 'अमर्याद' हा पर्याय लिहू नका. लटकलेला जॉब मग कुलूप धरून बसतो, रोजचे नवे जॉब नम्रपणे परत जातात, मेल काहीच येत नाही आणि प्रत दिवसेंदिवस शिळी होत जाते. मर्यादेच्या ८० टक्क्यांवर, म्हणजे इथे सुमारे ११ तासांनी, 'जॉब अजून चालू आहे' असा इशारा येईल अशी सोय करा.

## टप्पा ६: नव्या वेळेत आणखी काय येते ते बघा

रात्री १० ला सुरू होऊन सकाळी ६ ला संपणारा जॉब कोणाला दिसत नाही. १४ तासांचा जॉब दुसऱ्या दिवशी दुपारी १२ पर्यंत जातो आणि लोकांच्या कामात येतो. ऑफिसच्या वेळेसाठी आरसिंकला 'बीडब्ल्यूलिमिट' लावा. त्याचा आकडा सेकंदाला किलोबाइटमध्ये असतो. ५००० लिहिले तर सुमारे ४० एमबीपीएस लाइन जाते. बरेच जण तो किलोबिट समजतात आणि १०० एमबीपीएसच्या लाइनवर ५०,००० लिहून मर्यादा घातल्याच्या समाधानात राहतात.

दुसरे म्हणजे गुरुवार. पिंपरी-चिंचवड, भोसरी, चाकणच्या बऱ्याच कारखान्यांची साप्ताहिक सुट्टी गुरुवारी असते आणि महावितरणची देखभालीची कामेही बहुधा त्याच दिवशी निघतात. बुधवारी रात्री १० ला सुरू झालेला जॉब आधी गुरुवारी पहाटेच संपायचा. आता तो नेमका वीज गेलेल्या वेळेत सापडेल आणि सुट्टी असल्यामुळे बघायला कोणी नसेल. बुधवारचा जॉब संध्याकाळी ६ ला सुरू करा, किंवा त्या रात्री फक्त महत्त्वाचे फोल्डर पाठवा. यूपीएस बॅटरीवर गेला की जॉब नीट थांबवणारी स्क्रिप्टही जोडा.

गणेश विसर्जनाच्या मिरवणुकीत लक्ष्मी रोड, टिळक रोड परिसरातल्या ऑफिसात दुसऱ्या दिवशीही पोचता येईलच असे नाही. त्या आठवड्यात नवी मर्यादा लावू नका.

## टप्पा ७: मुद्दाम मारून बघा

खरी मर्यादा लावण्याआधी ती १० मिनिटांवर ठेवा आणि जॉब सोडा. सिस्टमडी असेल तर बदलानंतर 'डीमन-रीलोड' (सेटिंग पुन्हा वाचायला लावणारी कमांड) केले का? मग 'सिस्टमसीटीएल शो'ने प्रत्यक्ष लागू असलेला आकडा वाचा. फाइलमध्ये काय लिहिले आहे त्यावर जाऊ नका. आता या क्रमाने बघा:

1. दहाव्या मिनिटाला जॉब थांबला का आणि मेल आला का?
2. पुन्हा सोडल्यावर अर्धवट फाइल पुढे चालू झाली की शून्यापासून?
3. चालू असतानाच दुसरा जॉब हाताने सोडला तर तो परत फिरला का?
4. जॉब चालू असताना छाटणी थांबून राहिली का?
5. पलीकडून एक मोठी आणि एक लहान फाइल परत आणून मूळ फाइलशी चेकसम (फाइलच्या मजकुरावरून काढलेला पडताळणीचा आकडा) जुळतो का?

पाचही उत्तरे बरोबर आली की मगच १४ तास लिहा. एक जरी चुकले तर त्या टप्प्यावर परत जा. पुढचे सात दिवस रोज सकाळी सुरुवात, शेवट, गेलेला डेटा आणि एक्झिट कोड वहीत उतरवा. आरसिंकचा २४ दिसला तर घाबरू नका. कॉपी चालू असताना काही फाइली मूळ जागेवरूनच नाहीशा झाल्या एवढाच त्याचा अर्थ. २३ दिसला तर मात्र कोणत्या फाइली राहिल्या ते त्याच दिवशी शोधा.

पहिल्या पूर्ण कॉपीसाठी मर्यादा ६० तास केली असेल तर ती कॉपी संपेल त्या दिवशीची नोंद आत्ताच कॅलेंडरमध्ये घाला: 'मर्यादा १४ तासांवर आण'. बदल कोणी केला, कधी केला आणि आधीचा आकडा काय होता, हे सेटिंगच्या फाइलमध्येच कॉमेंट म्हणून लिहा. सहा महिन्यांनी ती फाइल उघडणारा माणूस कदाचित दुसराच असेल.